एचओएची नोटीस आणि रविवार सकाळचा रेडिओ

पत्र

मी व्हर्जिनियात लाउडन काउंटीत राहतो. माझे वडील सांगलीला असतात, वय ७६. जुने हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले. मोर्स कोड मला त्यांनीच शिकवला. इथे घर घेतल्यावर मी जनरल क्लासचं, म्हणजे हौशी रेडिओचं मधल्या दर्जाचं, लायसन्स काढलं आणि दर रविवारी सकाळी, म्हणजे त्यांच्या संध्याकाळी, वीस मीटर बँडवर (साधारण वीस मीटर तरंगलांबीच्या लहरींवर) आमचं बोलणं सुरू झालं. व्हिडिओ कॉल तर रोजच होतो, पण रेडिओवर बाबा वेगळेच असतात. त्यासाठी मागच्या अंगणात ३० फुटी मास्ट, म्हणजे अँटेनाचा खांब, उभा केला होता. आता एचओएची, म्हणजे आमच्या वसाहतीच्या घरमालक संघाची, नोटीस आली आहे: विनापरवानगी अँटेना, काढून टाका, सुनावणीला हजर राहा. समोरच्यांच्या छपरावर डिश आहे, ती मात्र चालते! एफसीसीचा (अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाचा) नियम माझ्या बाजूने आहे आणि व्हर्जिनियाचा कायदा तर ७५ फुटांपर्यंत अँटेना लावू देतो, असं मी वाचलं आहे. वकील लावून थेट ५० फुटी टॉवरच मागावा असं मनात आहे. पत्नी म्हणते, शेजाऱ्यांशी वैर घेऊन इथे राहायचं कसं? नऊ वर्षांच्या मुलीलाही आजोबांशी रेडिओवर बोलायचं आहे. काय करू?
— स. दे.

उत्तर

स. दे.,

वकील आत्ता लावू नका. तुमची बाजू लंगडी आहे म्हणून नव्हे, तर ज्या कायद्याच्या जोरावर तुम्ही भांडायला निघालात तो तुमच्या प्रकरणाला लागूच होत नाही म्हणून. वकिलाकडे गेलात तर पहिल्या भेटीत तोही हेच सांगेल आणि त्या तासाचं बिल लावेल.

अँटेनावर बंधन घालणारे इथे दोन जण असतात. एक सरकार, म्हणजे काउंटी किंवा गाव, जे झोनिंगचे, म्हणजे कुठे काय आणि किती उंच बांधायचं याचे, नियम करतं. दुसरी तुमची एचओए, म्हणजे घर घेताना तुम्ही ज्या कागदांवर सह्या केल्या त्यातून आलेली संस्था. एफसीसीने १९८५ साली जो आदेश काढला, ज्याला सगळे हॅम पीआरबी-१ म्हणतात, तो पहिल्यासाठी आहे. राज्याने आणि गावाने हौशी रेडिओला वाजवी जागा द्यावी आणि जे नियम करायचे ते गरजेपुरतेच करावेत, असं तो सांगतो. व्हर्जिनियाचा कायदाही तसाच. विरळ वस्तीत २०० फूट आणि दाट वस्तीत ७५ फूट, यापेक्षा कमी उंचीची मर्यादा काउंटीने घालू नये, असं त्यात आहे. चांगला कायदा आहे, पण तो काउंटीचे हात बांधतो, एचओएचे नाही. पीआरबी-१ खाजगी करारांना लागू नाही हे एफसीसीने सुरुवातीलाच म्हटलं होतं आणि हॅम मंडळींनी पुन्हा विचारल्यावरही भूमिका बदलली नाही. करारातल्या बंधनांनाही हाच न्याय लावावा म्हणून अमेरिकी संसदेत विधेयक आलं, २०१७ च्या जानेवारीत प्रतिनिधिगृहात मंजूरही झालं, पण सिनेटमध्ये अडकलं ते अडकलंच.

समोरच्यांच्या डिशचं तुम्हाला लागलं आहे, ते मी समजू शकतो. ती डिश चालते कारण तिच्यामागे वेगळा नियम आहे. १९९६ च्या दूरसंचार कायद्यानंतर एफसीसीने एक मीटरपर्यंतच्या डिश आणि साध्या टीव्ही अँटेनांना एचओएपासूनसुद्धा संरक्षण दिलं. त्यात हौशी रेडिओ येत नाही. तेव्हा सुनावणीत त्या डिशचं नावही काढू नका. त्याने तुमचा मुद्दा पुढे सरकणार नाही आणि समोरच्या घराशी मात्र कायमचं बिनसेल. गल्लीत फिरून इतरांच्या कुंपणांचे आणि शेडचे फोटो काढायचा सल्लाही तुम्हाला कोणीतरी देईल, "मग यांना का नाही?" असं विचारायला. तसलं काही करू नका. त्या घरांतल्या लोकांनाच उद्या तुम्ही सांभाळून घ्या म्हणणार आहात.

आता कामाचं बोलू.

घराच्या कागदपत्रांत डिक्लरेशन आणि कव्हेनंट्स, म्हणजे घरमालकांवरच्या अटींचे करार, यांची जाडजूड फाइल असेल. एचओएच्या मंडळाच्या वेबसाइटवरचा सारांश नको, काउंटीत नोंदलेली मूळ प्रत काढा आणि अँटेनाचं कलम शब्दन् शब्द वाचा. घराबाहेरची अँटेना चालणार नाही असं म्हटलंय? रस्त्यावरून दिसणारी चालणार नाही असं? समितीच्या लेखी परवानगीशिवाय चालणार नाही असं? की प्रक्षेपणालाच बंदी आहे? हे चार वेगवेगळे नियम आहेत आणि प्रत्येकात तुमची वाट वेगळी. मालकाच्या जागावापरावर बंधन घालणारी कलमं व्हर्जिनियातली न्यायालयं काटेकोरपणे वाचतात, त्यात नसलेला अर्थ सहसा घुसडू देत नाहीत. त्यामुळे कलमात 'बाहेरची' असा शब्द असेल तर पोटमाळ्यातली अँटेना त्यात येत नाही. तुम्ही पत्रात कलमाचा मजकूर दिला नाहीत, त्यावरून वाटतं की अजून वाचलेलं नाही. आज रात्रीच वाचा.

नोटिशीने घाबरून जाऊ नका. व्हर्जिनियात दंड करण्याआधी एचओएला चूक दुरुस्त करायची संधी द्यावी लागते, सुनावणीची सूचना किमान १४ दिवस आधी पाठवावी लागते आणि सुनावणीत तुमचं म्हणणं ऐकावं लागतं. दंडालाही मर्यादा आहे: एकदाच घडलेल्या गोष्टीला ५० डॉलर, चालू राहिलेल्या गोष्टीला दिवसाला १० डॉलर, तेही ९० दिवसांपर्यंत. अर्थात दंड भरून मास्ट ठेवता येईल असा त्याचा अर्थ नाही, मंडळ पुढे कोर्टात जाऊ शकतं. माझं स्पष्ट मत असं, की सुनावणीच्या आधीच मास्ट उतरवा. उतरवल्याचा फोटो आणि दोन ओळींचं पत्र मंडळाला पाठवा. सुनावणीला नियम मोडणारा म्हणून बसण्यापेक्षा अर्जदार म्हणून बसलेलं केव्हाही बरं.

"मास्ट उतरवला तर बाबांशी बोलायचं कसं?" याचं उत्तर देण्यात मला सगळ्यात जास्त रस आहे. कारण तुमच्या पत्रातली ५० फुटी टॉवरची मागणी मला रागातून आलेली वाटते, गरजेतून नाही.

वीस मीटर बँडवर पाव तरंगलांबीची उभी अँटेना किती उंच होते? साडेसोळा फूट. दुसरा मजला बांधलेल्या घराच्या पागोळीपर्यंतसुद्धा ती पोहोचत नाही. लोकांना टॉवर लागतो तो आडवी अँटेना उंच नेण्यासाठी, कारण आडवी तार जमिनीच्या जवळ असली की तिची बरीच शक्ती वर आकाशात जाते. लांब पल्ल्याला लहरी क्षितिजालगत, कमी कोनात निघायला हव्यात. उभ्या अँटेनाचं तसं नसतं. तिच्या पायथ्याशी जमिनीवर तारांचं जाळं नीट पसरलं असेल तर उंचीशिवायही ती कमी कोनात फेकते. तुमच्या घरापासून सांगली सुमारे १३,००० किलोमीटर आहे आणि सरळ वाट जाते ती उत्तरेला, ईशान्येच्या थोडी अलीकडे, जवळजवळ आर्क्टिक वर्तुळाला शिवून. तुमच्या सकाळी आणि बाबांच्या संध्याकाळी ती वाट उघडते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. या कामाला साडेसोळा फुटी काठी, १०० वॉट आणि बऱ्यापैकी शांत बँड पुरतो. ध्रुवीय प्रकाशाचं वादळ असेल त्या रविवारी जमणार नाही, पण त्या रविवारी टॉवरवाल्यांचंही कठीणच असतं.

खरी मेहनत या तारांच्या जाळ्यात आहे. साध्या इन्सुलेटेड तारेचे साधारण साडेसोळा फुटांचे सोळा तुकडे कापा. गवत अगदी खाली कापून घ्या, काठीच्या पायथ्यापासून छत्रीच्या काड्यांसारख्या तारा चहूबाजूंनी ताणा आणि दर फुटा-दोन फुटांवर यू आकाराच्या लोखंडी पिनांनी जमिनीत दाबा. अंगण एका बाजूला अरुंद असेल तर तिकडच्या तारा आखूड झाल्या किंवा वळवल्या तरी चालतं. वसंतात हे काम केलंत तर थोड्याच आठवड्यांत गवत तारांवर चढतं आणि वरून काही दिसत नाही, मोवरलाही लागत नाही. अर्थिंगचा रॉड ठोकण्याआधी ८११ ला फोन करा, जमिनीखालच्या गॅस आणि विजेच्या लाइनींवर ते फुकट खुणा करून देतात. आणि तो रॉड घराच्या मुख्य अर्थिंगला जोडायला विसरू नका. विजेच्या बाबतीत हयगय चालत नाही.

आता मंडळाकडे मागायचं काय? मी तुमच्या जागी असतो तर कायमची अँटेना मागितलीच नसती. जमिनीच्या पातळीत बसेल असं एक पाइपाचं सॉकेट मागा, वर झाकण असलेलं. दर रविवारी सकाळी ७ ते १० काठी त्यात उभी राहील, एरवी गॅरेजमध्ये. मागच्या अंगणात, रस्त्यावरून न दिसणाऱ्या जागी. अशा मागणीला नाही म्हणणं मंडळाला जड जातं, कारण त्यांची भीती असते ती घरांच्या किमतीची आणि पायंड्याची. तीन तासांच्या, काढता येणाऱ्या, साडेसोळा फुटी काठीने दोन्हींपैकी काहीच बिघडत नाही. वर्षभर सुरळीत गेलं की वेळ वाढवून मागता येईल. झेंड्याच्या खांबात अँटेना लपवण्याची युक्ती तुम्ही ऐकली असेल. झेंडा लावण्याच्या हक्काला इथे कायद्याचं संरक्षण आहे, पण खांब कुठे आणि किती उंच यावर एचओए वाजवी नियम करू शकते. शिवाय नोटीस आल्यानंतर अचानक खांब उभा राहिला तर तो कशासाठी आहे हे लहान पोरालाही कळेल.

याच कारणासाठी काळी बारीक तार झाडात लपवून टांगायलाही माझा विरोध आहे. पुष्कळ हॅम ते करतात, मला माहीत आहे, आणि त्यांना मी नावं ठेवत नाही. पण तुमच्यावर आता नजर आहे. पुन्हा सापडलात तर पुढचा कुठलाही अर्ज कोणी विश्वासाने वाचणार नाही, आणि त्याचा ताण तुमच्याइतकाच तुमच्या पत्नीलाही सोसावा लागेल.

कलमात फक्त बाहेरच्या अँटेनाला बंदी असेल तर पोटमाळा हा परवानगी न मागताही खुला असलेला मार्ग आहे. वीस मीटरचा डायपोल, म्हणजे मधोमध जोडणी असलेली सरळ तारेची अँटेना, ३३ फुटांचा, आढ्याच्या खालून ताणता येतो. डायपोल आपल्या तारेच्या काटकोनात सगळ्यात जोरात बोलतो, म्हणून तार वायव्य-आग्नेय जायला हवी, तरच तोंड सांगलीच्या वाटेकडे होईल. होकायंत्र घेऊन आढ्याची दिशा आधी पाहा. छपराला आतून चंदेरी फॉइल लावलेलं असेल तर हा नाद सोडा, लहरी बाहेरच जाणार नाहीत. आणि वापरताना लक्ष ठेवा: नव्या घरांतले आर्क-फॉल्ट ब्रेकर (वायरिंगमधली ठिणगी ओळखून वीज तोडणारे) प्रक्षेपणाने कधी कधी उगाच पडतात, तेव्हा वायरीवर फेराइटची (रेडिओ लहरी अडवणारी) कडी किंवा कमी शक्ती असा उपाय करावा लागतो. तार विजेच्या वायरिंगपासून आणि एसीच्या डक्टपासून जितकी दूर तितकी बरी.

खाली मुलीची खोली असेल तर किरणोत्साराचं गणित आधी करा. २०२१ मध्ये एफसीसीने नियम बदलले, तेव्हापासून प्रत्येक हॅमला आपल्या केंद्राचं हे मूल्यमापन करावं लागतं. तो कागद करून फाइलमध्ये ठेवा. शेजाऱ्यांपैकी कोणी "याने आमच्या मुलांना काही होणार नाही ना?" असं विचारलं तर चिडू नका, तो कागद दाखवा. हा प्रश्न विचारण्याचा त्यांना हक्क आहे आणि तुमच्याकडे त्याचं खरं उत्तर आहे.

तुमच्या पत्नीचं म्हणणं मला पटतं, आणि तुम्हीही ते भित्रेपणा समजून बाजूला सारू नका. तक्रार कोणी केली याचा शोध घेऊ नका. त्याऐवजी सुनावणीच्या आधी मागच्या दोन्ही बाजूंच्या आणि समोरच्या घरी जाऊन या, दोघं मिळून. काठी किती उंच, कधी उभी राहणार, कधी उतरणार, हे एका कागदावर रेखाटून न्या. त्यांच्या टीव्हीवर किंवा स्पीकरवर तुमचा आवाज कधी आला होता का, हे स्वतःहून विचारा. आला असेल तर तो बंद करून देणं तुमचं काम, मग नियम कुणाच्या बाजूने आहे ते महत्त्वाचं नाही. आणि कशासाठी हे सगळं चाललंय तेही सांगा. माझे वडील ७६ वर्षांचे आहेत आणि रविवारी मी त्यांच्याशी रेडिओवर बोलतो, हे वाक्य पीआरबी-१ पेक्षा जास्त काम करेल. इच्छा असेल तर त्यांना एखाद्या रविवारी ऐकायला बोलवा. फक्त ऐकायला. माइक त्यांच्या हातात देऊ नका, कारण लायसन्स नसलेल्या माणसाचा निरोप परदेशी हॅमपर्यंत पोहोचवायचा तर दोन देशांत तसा करार लागतो, आणि भारताशी अमेरिकेचा तो नाही.

याच नियमामुळे मुलीलाही अजून आजोबांशी बोलता येणार नाही. पण तिच्यासाठी रस्ता आहे. इथे लायसन्सला वयाची अट नाही. टेक्निशियन या पहिल्या पायरीच्या परीक्षेत ३५ प्रश्न, २६ बरोबर आले की पास. त्या लायसन्सवर वीस मीटरवर आवाजाने बोलता येत नाही, मात्र दहा मीटर बँडचा काही भाग, २८.३ ते २८.५ मेगाहर्ट्झ, बोलण्यासाठी मिळतो. तो बँड सूर्याच्या लहरीवर आहे, रोज उघडत नाही, पण उघडला की सांगली अगदी खणखणीत येते. त्याची उभी अँटेना तर जेमतेम आठ फुटांची. बाबांनी तुम्हाला शिकवलं, आता तिला शिकवायला त्यांना व्हिडिओ कॉलवर बसवा. आठवड्याचे तीन-चार दिवस त्यांचे छान जातील.

सुनावणीत आपत्तीचा मुद्दा काढावा का, हेही तुमच्या मनात आलं असेल. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली तेव्हा दिल्लीच्या भारती प्रसाद आपल्या चमूसह अंदमानात हौशी रेडिओची मोहीम चालवत होत्या, आणि पोर्ट ब्लेअरमधल्या त्या तात्पुरत्या केंद्रावरून मुख्य भूमीपर्यंत कितीतरी कुटुंबांचे निरोप गेले. मला त्या कामाचा फार अभिमान आहे. पण म्हणूनच तो मुद्दा उसना घेऊ नये. तुम्ही काउंटीच्या आपत्कालीन रेडिओ गटात जात असाल, सरावाला हजर राहत असाल, तर जरूर सांगा आणि गटप्रमुखाचं पत्र जोडा. नसाल तर बाबांचं खरं कारण सांगा. ते पुरेसं मोठं आहे.

समजा मंडळाने तरीही सरळ नकार दिला. तर नकार लेखी मागा, कोणत्या कलमाखाली ते लिहून मागा, आणि मग वकिलाचा विचार करा. एआरआरएल या इथल्या राष्ट्रीय हॅम संघटनेकडे अशा कामात मदत करणाऱ्या वकिलांची यादी असते, जे स्वतः हॅम असतात आणि पहिला सल्ला बहुतेक फुकट देतात. त्यांच्याकडे नेण्यासाठी नोंदलेलं कलम, तुमचा अर्ज, रेखाटन आणि लेखी नकार असे चार कागद हाताशी असतील तर ते तासाभरात सांगतील की लढण्यासारखं आहे की नाही. पण कोर्टाची वाट लांब आहे, आणि तुमचे बाबा ७६ वर्षांचे आहेत. वर्ष-दोन वर्षं तारखांत घालवून टॉवर मिळाला, तरी तेवढे रविवार गेलेच. हे मी जड मनाने लिहितोय, पण तुम्ही हिशेबात धरलं नाहीत असं पत्रावरून वाटलं.

म्हणून निकालाची वाटही पाहू नका. येत्या रविवारी रेडिओ, बॅटरी आणि साडेसोळा फुटी घडीची काठी गाडीत टाका आणि जवळच्या मोकळ्या पार्कात जा. त्या पार्कात काठी उभी करायला हरकत नाही ना, एवढं आधी विचारून घ्या. कितीतरी हॅम हल्ली पार्कांतूनच बोलतात. घरांमधल्या एलईडी आणि चार्जरांचा गोंगाट नसल्यामुळे बाबांचा आवाज कदाचित घरच्यापेक्षा स्वच्छ येईल. जनरल क्लासला १४.२२५ मेगाहर्ट्झच्या वर बोलायची मुभा आहे, तेव्हा बाबांना आजच फोन करून फ्रिक्वेन्सी ठरवून टाका, एक अडली तर दुसरी कुठली तेही. मुलीला बरोबर न्या, लॉगबुक तिला लिहू द्या.

कलमाचा मजकूर आणि अंगणाचं रेखाटन मला पाठवा. सुनावणीच्या आधी अर्जाचा मसुदा पाहून देतो.